शून्य दिसलं की धस्स होतं

‘कंपनीत आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘ऑफिसात ना?’ नाही हो, प्लांटमध्ये! मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर आहे.

म्हणजे काय ते सांगते. अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना १९८०च्या दशकात सुरू झाला. तिथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया बनतो. युरिया तयार होताना आत साधारण १८० अंश तापमान असतं आणि हवेच्या दाबाच्या जवळपास दीडशेपट दाब. आपला कुकर दुप्पट दाबालाच शिट्टी करतो, म्हणजे बघा! झाकण उघडून बघायची सोय नाही. म्हणून अशा प्लांटमध्ये जागोजागी मापकं बसवतात. ती आकडे कंट्रोल रूमला पाठवतात, त्यावरून व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडतात. मापक खरं बोलतंय ना, हे बघणं आमचं काम.

मापकाचा निरोप तारेतून विजेच्या रूपात येतो, बहुतेक ठिकाणी ४ ते २० मिलिअँपिअर. सगळ्यात कमी आकड्याला शून्य का नाही, ४ का? कारण शून्य आलं तर दाब कमी नाही, तार तुटलीय! गप्प बसणं म्हणजे ‘सगळं ठीक’ नव्हे, हे यंत्रालाही कळतं. (घरातल्यांना कधी कळणार, कुणास ठाऊक.) फारच धोक्याची जागा असेल तर तीन-तीन मापकं लावतात. दोघांचं एकमत झालं की प्लांट आपोआप बंद.

आपल्या किनाऱ्यावरचं खारं वारं तर या तारांचा वैरीच. जोडणीच्या डब्याचं रबर जरा सैल झालं की आत दमट हवा शिरते, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि आकडे भलतंच सांगायला लागतात. म्हणून मृगाआधी घर शाकारतात, तसे आम्ही ते डबे एकेक करून उघडून बघतो.

प्लांट रात्रीही चालूच असतो. पण १९४८च्या कारखाना कायद्यातलं कलम ६६ बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात काम करू देत नसे. रात्रपाळी नाही म्हणजे शिफ्टचा अनुभव नाही, आणि तो नाही म्हणून बढतीही मागे! महाराष्ट्राने २०१५ साली दुरुस्ती केली आणि सुरक्षिततेच्या अटी घालून हे दार उघडलं. फार उशीर केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

या कामासाठी डिग्रीच लागते असंही नाही. दहावीनंतर डिप्लोमा आहे, आयटीआयला ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ हा ट्रेड आहे. ‘कारखान्यात जावं लागेल’ म्हणून आया बिचकतात. जावं लागतंच. हेल्मेट घालून शिडीही चढावी लागते.