कॅम्पस मिनिस्ट्री : सेवकाचे प्रशिक्षण आणि आत्मिक नवीकरण



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. महाविद्यालयात, विद्यापीठात, वसतिगृहात विद्यार्थ्यांच्या आध्यात्मिक जीवनाची काळजी घेणारी जी ख्रिस्ती माणसं असतात, त्यांची तयारी कशी व्हावी, आणि काही वर्षांनी ती आतून कोरडी पडली तर त्यांनी काय करावं, हा तो विषय. कुणी त्यांना कॅम्पस मिनिस्टर म्हणतं, कुणी चॅप्लेन. मराठीत एकच असा शब्द रूढ झालेला नाही. आपण आज नुसतं ‘सेवक’ म्हणू.

हे काम करणारे कोण असतात? काही धर्मगुरू, काही पाळक, काही सिस्टर्स, आणि बरेच जण साधे प्राध्यापक, जे तास संपल्यावर हे करतात. आपल्या देशात याला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ सालची, कॅथलिक विद्यार्थ्यांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन १९२४ ची, तर युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ ची. पंथ वेगळे, पद्धती वेगळ्या. पण समोर बसलेला विद्यार्थी तोच. अठरा ते बावीस वर्षांचा, घरापासून लांब, आणि घरून आणलेली श्रद्धा पहिल्यांदाच हातात घेऊन उलटसुलट करून पाहणारा.

तुमच्यापैकी पुष्कळ जण ख्रिस्ती नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण शिक्षक आहात, समुपदेशक आहात, आईवडील आहात. तेव्हा हा विषय तुम्हाला अगदीच परका वाटणार नाही.

साधारण समजूत अशी असते की प्रशिक्षण म्हणजे काम शिकणं आणि नवीकरण म्हणजे कामातून सुट्टी. आधी शिका, मग राबा, मग दमलात की चार दिवस लोणावळ्याला जाऊन या. आज आम्हाला एवढंच सांगायचं आहे की ही विभागणी चुकीची आहे. या कामात ज्याचं नवीकरण थांबलं, त्याचं कौशल्यही हळूहळू निरुपयोगी होतं. का, ते पाहू.

त्यासाठी आपल्याला सोळाव्या शतकातल्या पॅरिसला जावं लागेल. १५२८ साली तिथल्या विद्यापीठात एक प्रौढ विद्यार्थी दाखल झाला. वय सदतिसाच्या आसपास, चालताना किंचित लंगडणारा. हा इग्नेशियस लोयोला. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला होता. पुढे मान्रेसा या गावी त्याने जवळजवळ वर्षभर प्रार्थना आणि आत्मपरीक्षण केलं आणि त्याची टिपणं ठेवली. त्या टिपणांतूनच ‘आध्यात्मिक साधना’ हे त्याचं प्रसिद्ध पुस्तक झालं. पोपची मान्यता त्याला १५४८ साली मिळाली.

सेंत-बार्ब या कॉलेजात त्याला खोली मिळाली, तिथे दोन तरुण आधीच राहत होते. एक पीटर फेबर, सॅव्हॉयच्या डोंगराळ भागातला, लहानपणी मेंढ्या राखलेला. दुसरा फ्रान्सिस झेवियर, नवारच्या खानदानी घरातला, महत्त्वाकांक्षी. आता गंमत पाहा. इग्नेशियसला ॲरिस्टॉटल जड जाई, म्हणून वर्गातला पाठ त्याच्याकडून पुन्हा करून घ्यायचं काम फेबरकडे आलं. म्हणजे ज्याला आपण या कामाचा आद्य सेवक म्हणू शकतो, तो त्या खोलीत आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलाचा विद्यार्थी होता!

फेबरच्या मनात शंका आणि अपराधभावना यांचा गुंता होता. हळूहळू तो इग्नेशियसकडे मन मोकळं करू लागला. इग्नेशियसकडे तर साधनेची पद्धत तयार होती. पण त्याने ती लगेच दिली नाही. नियमित पापनिवेदन, कम्युनियन, रोजचं आत्मपरीक्षण, इतकंच सांगितलं, आणि सुमारे चार वर्षं थांबला. १५३४ च्या सुरुवातीला फेबरने ती पूर्ण साधना केली. झेवियर तर बरीच वर्षं दाद देत नव्हता. त्याच्यासाठीही इग्नेशियस थांबला.

चार वर्षं थांबणं! आजच्या एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहाल?

हे थांबणं म्हणजे आळस नव्हता. त्याच्या पुस्तकाच्या आरंभी साधना देणाऱ्यासाठी काही सूचना आहेत. त्यातली पंधरावी अशी की, साधना देणाऱ्याने साधकाला कुठल्याही बाजूला ढकलू नये. तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं आणि निर्माता व त्याची निर्मिती यांना एकमेकांशी थेट बोलू द्यावं. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून या सूचनेकडे आमचं लक्ष विशेष जातं. दुसऱ्याचं स्वातंत्र्य मानणं हे इथे नुसतं नैतिक तत्त्व राहत नाही, ती कामाची पद्धतच होते. आपल्या देशात तर याला आणखी एक अर्थ आहे. सेवकाच्या दारात सगळ्या धर्मांची मुलं येतात. कुणाचा बाप गेलेला असतो, कुणी नापास झालेलं असतं. अशा वेळी त्या मुलाच्या दुःखाचा फायदा घेऊन त्याला आपल्या श्रद्धेकडे ओढणं हा विश्वासघात आहे. काटा मधोमध ठेवायचा तो इथेही.

पण काटा मधोमध ठेवायला हात स्थिर लागतो. तो कसा हलतो, हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

आम्ही नोकरीत असताना ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटाची जबाबदारी आमच्याकडे होती. एके संध्याकाळी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. महिन्याभरापूर्वी त्याची आई गेली होती. त्याने विचारलं, ‘‘सर, देव ऐकतो का?’’ आम्ही त्याला बसवलं आणि दीड तास बोललो. ऑगस्टीन झाला, लायब्निट्झ झाला, दुष्टाव्याच्या प्रश्नाची सगळी उत्तरं क्रमवार झाली. त्याने शांतपणे ऐकलं, ‘‘थँक्यू सर’’ म्हणाला आणि गेला. गटात पुन्हा कधी आला नाही. बऱ्याच वर्षांनी एसटी स्टँडवर अचानक भेटला. चांगला नोकरीला लागला होता. चहा घेताना आम्ही त्या संध्याकाळचा विषय काढला. तो म्हणाला, ‘‘तुम्ही खूप छान सांगितलंत सर. पण आईचं नावसुद्धा विचारलं नाहीत.’’

त्या वर्षी आमची स्थिती काय होती? दोन अभ्यासक्रम, पेपर तपासणी, समित्या. आमची स्वतःची प्रार्थना कित्येक महिने बंद होती. पण गट चालवणं मात्र चालू होतं. आत काही शिल्लक नव्हतं, म्हणून जे सवयीने हाताशी होतं तेच बाहेर आलं : व्याख्यान. ऐकायचं कसं हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी गप्प बसून त्याचं दुःख सोसण्याची ताकद आमच्यात नव्हती.

रित्या झालेल्या सेवकाचं आणखीही काही होतं. मुलांनी आपल्याला मानावं, आपल्याकडेच यावं, याची त्याला गरज वाटू लागते. कुणी दुसऱ्या सल्लागाराकडे गेलं तर मनाला लागतं. ज्यांना द्यायचं, त्यांच्याकडूनच तो नकळत घेऊ लागतो. आणि स्वतःच्या शंका झाकण्यासाठी आवाज चढवतो. मुलांना हे कळतं, बरं का. ती बोलून दाखवत नाहीत इतकंच.

मग करायचं काय? आधी प्रशिक्षणाचं बोलू.

१९२५ साली अमेरिकेत वुस्टर इथल्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसन नावाच्या चॅप्लेनने धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णांमध्ये कामाला आणलं. बॉइसन स्वतः पूर्वी मनोरुग्ण म्हणून रुग्णालयात राहिलेला होता. त्याचं म्हणणं असं की ग्रंथ जितक्या काळजीने वाचता, तितक्याच काळजीने समोरचा माणूस वाचा. त्यातून पुढे जी प्रशिक्षणपद्धती वाढली, तिच्यातला एक भाग फार उपयोगी आहे. एखाद्या भेटीनंतर सेवकाने तो संवाद आठवून शब्दशः लिहून काढायचा : तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये किती वेळ गप्प होतो, त्या क्षणी मला काय वाटलं. नावगाव बदलून तो कागद चार-पाच सहकाऱ्यांच्या लहान गटात, एका अनुभवी मार्गदर्शकासमोर वाचायचा. गट विचारतो, ‘‘इथे तू विषय का बदललास?’’ आणि उत्तर बहुतेक वेळा सेवकाच्या स्वतःच्या आयुष्यात सापडतं. आम्ही त्या संध्याकाळचा कागद लिहिला असता, तर दीड तासात त्या मुलाची वाक्यं किती, हे पहिल्या पानावरच दिसलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या मर्यादा ओळखणं. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर ‘प्रार्थना करू’ एवढ्यावर थांबू नये. त्याला एकटं सोडू नये, डॉक्टरांपर्यंत पोहोचवावं आणि तिथवर सोबत जावं. गुप्तता पाळायची, पण जीव धोक्यात असेल तिथे गुप्ततेला मर्यादा आहे, हे मुलाला आधीच सांगून ठेवावं.

आता नवीकरण. बायबलमध्ये एलीया संदेष्ट्याची एक कथा आहे. मोठं काम पार पाडून, जिवाच्या भीतीने पळून तो रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही, जाबही विचारत नाही. त्याला झोप लागते. देवदूत उठवतो, भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा जेवतो. मग चाळीस दिवसांची चाल, मग डोंगरावरची ती मंद वाणी, आणि त्यानंतर पुन्हा काम. हा क्रम लक्षात ठेवा. दमलेल्या सेवकाला पहिल्याच दिवशी चिंतनाला बसवू नका. त्याला झोपू द्या.

त्यानंतर साधना. इग्नेशियसची पूर्ण साधना तीस दिवसांची. वर्षाकाठी आठ दिवसांचं मौनही पुष्कळ जण घेतात. ज्याला काम सोडून जाणं शक्य नाही, त्याच्यासाठी एकोणिसाव्या सूचनेत सोय आहे : रोज ठरावीक वेळ काढून, कामात राहूनच कित्येक महिन्यांत ती पूर्ण करायची. नोकरी करणाऱ्या प्राध्यापकाला हाच मार्ग परवडतो. आणि रोजचं आत्मपरीक्षण : दिवस मागे वळून पाहायचा, कुठे मन उमललं, कुठे आक्रसलं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

कोरडेपणाविषयी त्याचा एक नियम फार शहाणपणाचा आहे. मन निरुत्साही, अंधारलेलं असताना आधी विचारपूर्वक घेतलेला निर्णय बदलू नये. राजीनामा लिहायचा असेल तर तो मन शांत असताना लिहावा. आणि इग्नेशियसला अभ्यासाचा धोकाही माहीत होता. दीर्घ शिक्षणाने हृदय थंडावतं, म्हणून जेझुइटांना सगळं शिक्षण संपल्यावर आणखी एक टप्पा त्याने ठेवला. त्याला तो हृदयाची शाळा म्हणतो. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसांनाही परत शाळेत! आम्हाला ही कल्पना उशिरा कळली, याचं वाईट वाटतं.

हे सगळं आपल्यापासून लांब नाही. मुंबईत १९३१ साली जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी १९७० च्या दशकात पुण्यात ‘साधना’ संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. धर्मगुरू आणि सिस्टर्स तिथे महिनोन्‌महिने राहून समुपदेशन शिकत, आणि त्याचबरोबर श्वास, शरीर, कानावर येणारे आवाज यांकडे लक्ष देत प्रार्थना शिकत. प्रशिक्षण आणि नवीकरण एकाच छपराखाली! त्यांचं ‘साधना’ हे पुस्तक १९७८ चं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या लेखनातली काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत असं जाहीर केलं, हेही सांगायला हवं. तो वाद आपापल्या जागी. पण शिकणं आणि शांत होणं वेगळं करू नये, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं.

शेवटी पुन्हा पॅरिसच्या त्या खोलीत. दाद न देणारा झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला. जुन्या गोव्यात त्याचं शव पाहायला आजही लोक जातात. पुढे तो दूर मोलुक्का बेटांपर्यंत हिंडला. तिथून त्याने मित्रांना कळवलं होतं की, तुमच्या पत्रांतून तुमच्या स्वतःच्या हातच्या सह्या कापून मी सतत जवळ बाळगतो. इतका खंबीर माणूस, पण चार मित्रांच्या अक्षराशिवाय त्याचंही भागत नव्हतं.

तेव्हा जे कुणी हे काम करत असतील त्यांना आमची विनंती आहे. आपल्यावर अवलंबून नसलेली, आपल्याला ‘सर’ न म्हणणारी दोन-तीन माणसं शोधा. महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर बसा आणि त्यांनी विचारलं तर खरं सांगा. आम्ही हे निवृत्त झाल्यावर सुरू केलं. तुम्ही इतका उशीर करू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.