ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (डिजिटल दूरचित्रवाणी एन्कोडर)

डिजिटल दूरचित्रवाणीच्या एन्कोडरमधून बाहेर पडणाऱ्या आणि चित्र, ध्वनी व त्यांविषयीची माहिती एकत्र वाहून नेणाऱ्या प्रवाहास ट्रान्सपोर्ट स्ट्रीम असे म्हणतात. आयएसओ/आयईसी १३८१८-१ या मानकात तिची व्याख्या केलेली आहे. केबल, उपग्रह आणि भूस्थित प्रक्षेपण या तिन्हींत ती वापरली जाते. एन्कोडरने चित्र कितीही उत्तम संक्षेपित केले, तरी या प्रवाहाच्या नोंदी चुकल्यास प्रेक्षकाच्या पडद्यावर काहीच उमटत नाही.

पॅकेट आणि तक्ते

हा प्रवाह १८८ बाइटच्या पॅकेटांचा बनलेला असतो. मालगाडीच्या डब्यांप्रमाणे सर्व पॅकेटे एकाच मापाची असतात. पहिले ४ बाइट शीर्षभागाचे असून त्यांत पीआयडी हा १३ बिटांचा ओळखक्रमांक असतो. त्याचे मूल्य ० ते ८१९१ असू शकते. चित्राच्या पॅकेटांना एक पीआयडी, ध्वनीच्या पॅकेटांना दुसरा, अशी वाटणी केली जाते.

सेट-टॉप बॉक्सला ही वाटणी आधी ठाऊक नसते. तो प्रथम पीआयडी ० वरील पॅट हा तक्ता वाचतो. त्यातून प्रत्येक वाहिनीचा पीएमटी कोठे आहे हे कळते आणि पीएमटीवरून चित्र व ध्वनी यांचे पीआयडी समजतात. ही साखळी एके ठिकाणी जरी तुटली तरी पुढचे सापडत नाही. पीएमटीत ध्वनीचा पीआयडी चुकीचा लिहिला गेल्यास चित्र दिसते, पण आवाज येत नाही.

बिटदर

सर्वाधिक चुका बिटदराच्या नोंदीत होतात. भारतातील केबल जाळ्यांत डीव्हीबी-सी ही पद्धत चालते. सेकंदाला ६८.७५ लाख चिन्हे व प्रत्येक चिन्हात ६ बिट (६४-क्वाम) धरल्यास ४१.२५ मेगाबिट होतात. मात्र दोषदुरुस्तीसाठी प्रत्येक पॅकेटला १६ बाइट जोडावे लागत असल्याने प्रत्यक्ष वापरास सुमारे ३८ मेगाबिट उरतात. एका फ्रिक्वेन्सीवरील सर्व वाहिन्यांना एवढ्यातच बसावे लागते.

एन्कोडरवर चित्राचा बिटदर आणि एकूण प्रवाहाचा बिटदर या दोन स्वतंत्र नोंदी असतात. नवशिका तंत्रज्ञ पुष्कळदा दोन्ही ठिकाणी एकच आकडा भरतो. मग ध्वनी, तक्ते आणि पॅकेटांचे शीर्षभाग यांना जागाच राहत नाही आणि चित्र चौकोनी तुकड्यांत फुटू लागते. चित्राला ४ मेगाबिट व ध्वनीला १९२ किलोबिट द्यायचे असतील, तर एकूण दर ४.५ मेगाबिटच्या आसपास ठेवणे सुरक्षित असते. शिल्लक जागा पीआयडी ८१९१ असलेल्या रिकाम्या पॅकेटांनी भरली जाते. ती वाया गेल्यासारखी वाटते, परंतु प्रवाहाचा वेग स्थिर राहतो तो तिच्यामुळेच.

वेग अस्थिर झाला की पीसीआरही बिघडतो. पीसीआर म्हणजे एन्कोडरच्या २७ मेगाहर्ट्झ घड्याळाची प्रवाहातून पाठवलेली वेळ. सेट-टॉप बॉक्स आपले घड्याळ तिच्याशी जुळवून घेतो. मानकानुसार ती किमान दर १०० मिलिसेकंदांनी यावी लागते; डीव्हीबीच्या मार्गदर्शक सूत्रांत हे अंतर ४० मिलिसेकंद सांगितले आहे.

क्रमांकांचा गोंधळ

एकाच बनावटीचे अनेक एन्कोडर कारखान्यातून सारखेच पीआयडी व सारखाच वाहिनी क्रमांक घेऊन येतात. ते तसेच एकत्र जोडल्यास दोन वाहिन्या एकमेकींत मिसळतात. म्हणून प्रत्येकाला वेगळे क्रमांक द्यावे लागतात, किंवा मल्टिप्लेक्सरमध्ये ते बदलून घ्यावे लागतात. एकदा दिलेला वाहिनी क्रमांक सहसा बदलू नये. घरोघरीच्या संचांनी तो साठवून ठेवलेला असतो. तो बदलल्यास पुन्हा शोध घेईपर्यंत अनेक संचांवर ती वाहिनी दिसत नाही, आणि रिमोटची दोनच बटणे ठाऊक असलेल्या वृद्ध प्रेक्षकाला ती बंद पडली असे वाटते.

भाषा आणि नाव

ध्वनीची भाषा पीएमटीत तीन रोमन अक्षरांनी नोंदवली जाते. मराठीसाठी एम, ए, आर ही अक्षरे आहेत. एकाच वाहिनीवर मराठी व हिंदी असे दोन ध्वनी असल्यास संच या नोंदीवरूनच निवड करतो. अनेक ठिकाणी ही नोंद इंग्रजीचीच राहून जाते, हा निव्वळ हलगर्जीपणा होय.

वाहिनीचे नाव एसडीटी या तक्त्यात असते. डीव्हीबीची मूळ अक्षरसूची रोमन लिपीची आहे. देवनागरी नाव द्यायचे असल्यास मजकुराच्या आरंभी षोडशमान १५ हा बाइट घालून पुढील अक्षरे यूटीएफ-८ मध्ये लिहावी लागतात. हा बाइट विसरल्यास नावाच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. अर्थात, संचात देवनागरी फाँट नसेल तर नोंद अचूक असूनही नाव वाचता येत नाही.

बाहेर पाठवणे

तयार प्रवाह एएसआय या तारेने किंवा आयपी जाळ्यातून पाठवतात. आयपीमध्ये साधारणतः ७ पॅकेटे, म्हणजे १३१६ बाइट, एकत्र बांधली जातात. आठवे घातले तर शीर्षभागांसह इथरनेटची १५०० बाइटची नेहमीची मर्यादा ओलांडली जाते.