दुखणे अंगावर काढाल, तर मुदतही जाईल

मागच्या महिन्यात बदनापूरकडच्या खेड्यातून एक मावशी मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. चार वर्षांपूर्वी एका खाजगी दवाखान्यात त्यांच्या पोटाचे ऑपरेशन झाले होते. तेव्हापासून पोट दुखायचे. मेडिकलमधून गोळी आणायची, ती घ्यायची आणि रानात कामाला जायचे, असेच चालले होते. सोनोग्राफीत जुन्या टाक्यांच्या जागी आत गाठ दिसली. पुढील तपासणीसाठी मी त्यांना छत्रपती संभाजीनगरला पाठवले.

निघताना मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, त्यांची चूक निघाली तर भरपाई मागता येईल का?"

"कागद आहेत का?" मी विचारले. डिस्चार्ज कार्ड पावसात भिजून गेले होते.

ऑपरेशननंतर त्रास झाला म्हणजे डॉक्टरांचा निष्काळजीपणाच झाला, असे नाही. पण तो झाला असेल तर दाद मागायलाही मुदत असते. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्याची खात्री नाही.

दोन वर्षे मोजायची कधीपासून? गोव्यातील एका परिचारिकेचे १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. नंतर पोटात दुखू लागले. नऊ वर्षे त्या गोळ्यांवर राहिल्या. २००२ मध्ये दुसरे ऑपरेशन झाले आणि पोटात कापसाची पट्टी राहिल्याचे कळले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी २००४ मध्ये, म्हणजे कळल्यापासून दोन वर्षांच्या आत, तक्रार केली. तरीही २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. काहीच लक्षण नसते तर कळल्या दिवसापासून मुदत धरता आली असती. पण इथे दुखणे सुरुवातीपासून होते. तेव्हाच त्या डॉक्टरांना दाखवायला हवे होते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

रस्त्यावरच्या अपघाताचा हिशेब वेगळा. तिथली मुदत १९९४ मध्ये काढून टाकली होती, म्हणून "कधीही अर्ज करा" असे लोक अजून सांगतात. परंतु १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा लागू झाली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये.

वाचकहो, ऑपरेशननंतर दुखणे थांबत नसेल तर आधी त्याच डॉक्टरांकडे जा आणि तपासणी कागदावर लिहून घ्या. डिस्चार्ज कार्ड, बिले, रिपोर्ट यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. लेखी मागणी केल्यास दवाखान्याने ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असा नियम आहे. मात्र भरती रुग्णाचे कागद तीन वर्षेच जपण्याचे बंधन आहे. ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही. महिलांना मोफत सल्ला हवा असेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

त्या मावशींनाही मी तिथेच जायला सांगितले. उशीर माफ होईल की नाही, हे मला सांगता आले नाही. दोन वर्षांपूर्वी त्या आल्या असत्या तर हा प्रश्नच उरला नसता.