सिनेमा लिहून ठेवणारे इसाक मुजावर



सिनेमा बघून घरी आलो की आपण सगळ्याच समीक्षक होतो. गाणी बरी होती, शेवट लांबवला, सासू उगाच दुष्ट दाखवली! मग हेच काम जन्मभर करणारा माणूस वेगळं काय करतो? आज आपल्याच गावच्या एकाबद्दल बोलू या.

इसाक मुजावर मूळचे कोल्हापूरचे. 'रसरंग' या सिनेसाप्ताहिकाचे ते संपादक होते, पुढं त्यांनी स्वतःचं 'चित्रानंद' काढलं. 2015 साली ते गेले. सिनेमा चांगला की वाईट एवढ्यावर त्यांचं लिहिणं थांबत नसे. तो कुणी काढला, त्यात कोण होतं, आधी काय घडलं होतं, हेही ते नोंदवत. 1969 साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. भारतीय सिनेउद्योगाचं जन्मस्थान महाराष्ट्र, हे त्यांचं मत पुस्तकाच्या नावातच आहे. त्यात थोडा घरचा अभिमान असेल, असू दे.

या नोंदींचं मोल आपल्या गावातच कळतं. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, म्हणजे पुरुष. सिनेमात काम करणं बाईला बदनामीचं वाटे. पण 1920 मध्ये आपल्या बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी कामं केली. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. बाबूरावांना टिळकांनी 'सिनेमा केसरी' म्हटलं, ते सगळ्यांना पाठ आहे. या दोघींची नावं किती जणींना ठाऊक होती? आम्हालाही नव्हती.

'सैरंध्री' आज बघायला मिळत नाही. त्या काळची फिल्म झटकन पेट घ्यायची, नाहीतर पडून पडून खराब व्हायची. 1948 च्या जाळपोळीत तर भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओच जळाला. सिनेमा गेल्यावर त्यातल्या बायका उरतात त्या कुणी लिहून ठेवल्या तरच.

आमच्या गटातल्या एका आजींच्या ट्रंकेत, साड्यांखाली अंथरलेला 'रसरंग'चा जुना अंक निघाला. मुखपृष्ठ फाटलेलं. आत एका जाहिरातीशेजारी आजींनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'दुपारचा खेळ, वहिनींबरोबर.' पुढच्या बुधवारी आजी तो घेऊन स्टुडिओत येणार आहेत. तुमच्या माळ्यावर असे अंक असतील तर रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी आम्हाला कळवा.