उंची कोठून मोजावी?

हैदराबादेतील गौलीगुडा हा भाग किती उंचावर आहे, असे कोणी विचारले, तर शहरातला माणूस हसून म्हणेल, की तो तर मुसी नदीच्या काठचा सखल भाग. तेथे उंची कसली? पण मुंबईच्या समुद्राशी तुलना केली, तर हेच गौलीगुडा सुमारे ५०० मीटर उंचावर आहे. दोन्ही उत्तरे खरी आहेत. फरक आहे तो मोजणी कोठून सुरू केली याचा. उंचीचा आकडा सांगताना त्याचा शून्य कोठे आहे हे सांगितले नाही, तर केवढा घोटाळा होतो, हे आज आपल्याला पाहायचे आहे.

विमानांशी गौलीगुड्याचा जुना ऋणानुबंध आहे. विमाने ठेवण्यासाठी बनविलेल्या एका प्रचंड पोलादी छताखाली निजामाच्या काळापासून येथील बसस्थानक होते. ते छत जुलै २०१८ मध्ये कोसळले. आता विमाने उडतात ती घरोघरच्या संगणकांच्या पडद्यावर. लढाऊ विमानाच्या उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणारे खेळ आहेत. त्यांना सिम्युलेटर म्हणतात. डीसीएस आणि फाल्कन ही त्यांतली प्रसिद्ध नावे. त्यांत खऱ्या विमानासारखीच घड्याळे आणि कळा असतात, रडार असते, आणि उड्डाणाचा मार्ग आधी आखावा लागतो. मार्गावरील प्रत्येक थांब्याला वेपॉइंट म्हणतात; आपण त्याला मार्गबिंदू म्हणू. मार्गबिंदूचे अक्षांश आणि रेखांश बहुधा कोणी चुकवीत नाही. चुकते ती उंची.

मार्गबिंदूची उंची २,००० फूट लिहिली, असे समजा. ही समुद्रसपाटीपासूनची, की खालच्या जमिनीपासूनची? बेगमपेठचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,७४२ फुटांवर आहे, तर शमशाबादचा सुमारे २,०२४ फुटांवर. आखणाऱ्याच्या मनात जमिनीपासूनची उंची असेल आणि यंत्राने ती समुद्रापासूनची मानली, तर तेच विमान बेगमपेठेवरून जेमतेम २५८ फुटांवरून जाईल, आणि शमशाबादेस त्याची वाट २४ फूट जमिनीखालून जाईल! आकडा एकच, पण एका ठिकाणी धोका आणि दुसऱ्या ठिकाणी नाश.

दुसरा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. मार्गबिंदू म्हणजे विमानाने ज्या उंचीवरून जायचे ती जागा, की जमिनीवरील जी वस्तू पाहायची तिची जागा? यंत्राला दोन्ही सारखेच. उड्डाणाची उंची लिहिलेल्या बिंदूकडे कॅमेरा वळविला, तर तो हवेतल्या त्या बिंदूकडे रोखलेला राहतो आणि खेळणारा म्हणतो, यंत्र बिघडले. उलट उंचीच्या जागी नुसते शून्य लिहिले तर काय होते, ते हिशेबाने पाहू. विमान समुद्रसपाटीपासून २,५०० मीटर उंचीवर आहे. गौलीगुड्याची खूण १० किलोमीटर पुढे आहे, पण तिची उंची शून्य नोंदली आहे. यंत्र १० किलोमीटरांत २,५०० मीटर उतरणारी सरळ रेषा धरते. जमीन मात्र ५०० मीटरांवरच आडवी येते. म्हणजे २,००० मीटर उतरताच, ८ किलोमीटरांवर, दृष्टी जमिनीला टेकते. खूण २ किलोमीटर अलीकडे पडली! विमान पूर्वेकडून येत असेल, तर गौलीगुड्याऐवजी मलकपेठेच्या बाजूची घरे दिसतील. अक्षांश-रेखांश अचूक असूनही चुकीच्या उंचीने जागा बदलली.

रडारची गोष्टही अशीच आहे. रडारच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. म्हणून जमिनीपासून २५ मीटर उंच असलेल्या रडारला सपाट मुलखात १०० मीटर उंचीवरचे विमान फार तर ६० किलोमीटरांवरून दिसते. तेच विमान २,५०० मीटरांवर असेल, तर सुमारे २२५ किलोमीटरांवरून. मध्ये डोंगर असेल, तर दिव्यापुढे हात धरल्यावर भिंतीवर जशी सावली पडते, तशी डोंगरामागे रडारची सावली पडते आणि तेथले काहीच दिसत नाही. मार्गबिंदूंची उंची चुकली, की विमान नकळत या सावलीत शिरते किंवा तिच्याबाहेर येते. मग रडार आंधळे आहे, अशी तक्रार होते. दोष रडारचा नसतो.

विमानातील उंचीमापकांचेही असेच आहे. एक यंत्र हवेच्या दाबावरून उंची सांगते. जमिनीजवळ सुमारे साडेआठ मीटर वर गेल्यावर दाब एक मिलिबार कमी होतो. पण त्या दिवशीचा, त्या ठिकाणचा दाब यंत्रावर लावला नसेल, तर काटा खोटी उंची दाखवितो. दुसरे यंत्र रेडिओलहरी खाली सोडून जमिनीपासूनचे अंतर मोजते. ते अचूक खरे, पण त्याला फक्त पायाखालचे दिसते. समोरचा कडा दिसत नाही. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची आणखी निराळी. ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते. हैदराबादेत ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा सुमारे ७५ मीटरांनी कमी भरते, कारण भारताच्या दक्षिणेस गुरुत्वाकर्षणाने ठरणारी समुद्राची पातळीच त्या गणिती आकाराच्या खाली गेलेली आहे. म्हणून एका पद्धतीने काढलेला आकडा दुसऱ्या पद्धतीच्या नकाशात तसाच भरू नये.

कोणी म्हणेल, खेळातल्या चुकीने काय बिघडते? विमान पडले, की पुन्हा आरंभ करता येतो. पण खऱ्या आकाशात तशी सोय नाही. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईकडे येणारे आलितालिया कंपनीचे जेट विमान जुन्नरच्या परिसरातील डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत, अशा समजुतीने वैमानिकाने विमान लवकर खाली आणले होते, आणि त्या मुलखासाठी ठरविलेली किमान सुरक्षित उंची ओलांडली गेली होती. कोकणपट्टीवर जी उंची निर्धास्त, तीच सह्याद्रीच्या माथ्यावर प्राणघातक ठरते. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाकडे उतरणारे एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेले. त्या वेळी तर रडारवर विमानाची जागा दिसत होती. पर्वत अजून पुढे आहे, हे नियंत्रकाने सांगितलेही होते. परंतु वैमानिकाने त्या शब्दांचा अर्थ वेगळा घेतला, असे फ्रेंच चौकशीत ठरले. यंत्राने सांगितलेले सत्य माणसापर्यंत नीट पोचले नाही.

म्हणून ज्यांच्या घरी मुले हे खेळ खेळत असतील, त्यांनी तो केवळ वेळेचा अपव्यय मानू नये; त्यांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. ही उंची कोठून मोजली? ती विमानाची, की लक्ष्याची? आणि दोघांच्या मध्ये काय आहे? मार्ग आखताना खालच्या मुलखातील सर्वांत उंच माथा शोधावा, त्यावर मोकळी जागा सोडावी आणि मगच आकडा लिहावा. जमिनीवर खूण करायची असेल, तर तेथील जमिनीचीच उंची लिहावी. उत्तर चुकले, तर पडद्यावरचे विमान पडेल आणि मूल काही शिकेल. त्यांतलेच एखादे उद्या खऱ्या विमानात बसेल, किंवा रडारपुढे बसून दुसऱ्याला वाट सांगेल. त्या दिवशी आकड्याबरोबर त्याचा शून्यही सांगण्याची सवय त्याच्या अंगी असेल, तर कित्येक घरांचे दिवे विझायचे राहतील.