पेटींतील वस्त्रें व त्यांचे शत्रु

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायांत प्रभूनें पृथ्वीवरील संपत्तीचे तीन शत्रु सांगितले आहेत : कसर, जंग आणि चोर. चोरास कुलूप अडवितें. पहिले दोन मात्र पेटीच्या आंतच आपलें काम करितात. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत पुष्कळ घरीं लोखंडी पेटींत आजीची पैठणी किंवा हिमरूची शाल जपलेली असते. ती नातवंडांच्या हातीं धड कशी पोंचावी, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

कसर हा शब्द आपण दोन किड्यांस लावितों. एक लहान पतंगाची अळी. ती लोंकर व रेशीम खाते, आणि घामाचा डाग तिला विशेष प्रिय. दुसरा चकचकीत रुपेरी किडा. त्यास कपड्याची खळ आवडते. म्हणून वस्त्र स्वच्छ, बिनखळीचें व पूर्ण कोरडें करूनच ठेवावें.

जंगाचें मूळ ओलावा. पावसाळ्यांत जमिनीस टेकलेल्या पेटीस गंज चढतो व त्याचा तांबूस डाग सहसा निघत नाहीं. यास्तव पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी आणि प्रत्येक वस्त्र धुतलेल्या मांजरपाटांत गुंडाळावें. प्लास्टिकची पिशवी दमटपणा कोंडून ठेविते. वर्तमानपत्राची शाई लागते व त्यांतील आम्ल धाग्यास दुबळें करितें. हवेंतील गंधकयुक्त वायूनें जरीचें रुपें काळवंडतें, म्हणून जरी उघडी ठेवूं नये.

डांबरगोळ्यांची वाफ हवेहून जड असते. तेव्हां त्यांची पुरचुंडी वरच्या बाजूस, वस्त्रास न लागेल अशी ठेवावी. त्यांत कापूर मिसळूं नये. दोन्ही विरघळून डाग पडतात. या गोळ्या विषारी असल्यामुळें मुलांपासून दूर असाव्यात. कडुनिंबाचीं वाळलीं पानें जरूर ठेवावींत, पण केवळ त्यांवर विसंबूं नये.

सर्वांत मोठा उपाय म्हणजे पेटी उघडणें. कसर अंधारांत व निवांतपणांतच वाढते. दर तीन महिन्यांनीं वस्त्र सावलींत वाऱ्यावर पसरावें. उन्हानें रंग उडतो. घडी दर वेळीं निराळ्या जागीं घालावी, कारण एकाच घडीवर रेशीम व जर तुटते.

त्याच वेळीं आजीस विचारून वस्त्राची हकीकत चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनें लिहावी. टांचणी मात्र लावूं नये, ती गंजते. हकीकत हरवली म्हणजे पैठणीहि नुसतें जुनें कापड होतें. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुटींत, आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें काम घरीं अवश्य करावें.