तारीखवार दप्तर

ऐरोलीहून ठाणे-बेलापूर मार्गाने दक्षिणेकडे निघाले म्हणजे रबाळ्यापासून महाप्यापर्यंत डाव्या हाताला, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, औद्योगिक विकास महामंडळाची जी विस्तीर्ण वसाहत लागते तिच्यात एके काळी रसायनांच्या कारखान्यांचाच दबदबा होता. आज त्याच वसाहतीत बाहेरून जवळजवळ निर्मनुष्य भासणाऱ्या, खिडक्या फारशा नसलेल्या, परंतु जाडजूड वीजवाहिन्या, डिझेलवरील जनित्रे आणि अहोरात्र चालणारी शीतक यंत्रे यांनी वेढलेल्या अशा काही इमारती उभ्या आहेत, की ज्यांच्या पोटात या देशाच्या दैनंदिन व्यवहाराचे फार मोठे दप्तर साठवलेले आहे. ही डेटा सेंटरे होत. समुद्रतळावरून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, बँकांची आणि शेअर बाजारांची मुख्य ठाणी खाडीपलीकडेच आहेत, आणि कारखान्यांच्या निमित्ताने विजेची सोय येथे अगोदरच झालेली होती. म्हणून हा व्यवसाय महापे, रबाळे, ऐरोली या टापूत रुजला आणि २०२० साली योट्टा कंपनीचे प्रचंड केंद्र सुरू झाले तेव्हा तो पनवेलपर्यंत पोहोचला. भारतीय स्टेट बँकेचे माहिती-तंत्रज्ञानाचे मुख्य केंद्रही येथलेच, सीबीडी बेलापूरचे. या इमारतींचे वैभव वर्णावे असा माझा हेतू नाही. त्यांच्या आत रोज रात्री, कोणाच्याही नजरेस न पडता, जी दप्तरदारी चालते तिच्यातील एका लहानशा पण अत्यंत जबाबदारीच्या कामाची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच हेतू आहे.

एटीएममधून कोणी पैसे काढले, कोणी रेल्वेचे तिकीट आरक्षित केले, कोणाचा परवलीचा शब्द चुकला, की त्या त्या सर्व्हरवर त्या घटनेची एक ओळ लिहिली जाते: तारीख, वेळ, कोठून विनंती आली, काय मागितले, काय उत्तर मिळाले. या ओळींच्या फाइलीस तेथील मंडळी लॉग म्हणतात. एकेक ओळ क्षुद्र असते, परंतु त्या दिवसरात्र थांबत नाहीत. आणि सर्व्हरची डिस्क कितीही मोठी घेतली तरी ती अमर्याद नसते. डिस्क भरली म्हणजे केवळ नवी नोंद थांबते असे नाही. ज्या आज्ञावलीला आपली नोंद लिहिता येत नाही ती पुष्कळदा कामच बंद करते, डेटाबेस व्यवहार नाकारू लागतो, आणि बँकेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या मनुष्यास 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच ऐकवले जाते. म्हणून ज्या नोंदी जुन्या झाल्या, रोज लागत नाहीत, परंतु फेकूनही देता येत नाहीत, त्या दाबून लहान करून ठेवण्याची वहिवाट पडली.

दाबणे म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. लॉगमधील मजकूर विलक्षण पुनरुक्त असतो. तीच तारीख, तोच पत्ता, तेच शब्द हजारो ओळींत पुन्हा पुन्हा येतात. जुना कारकून नोंदवहीत एकच मजकूर ओळीमागून ओळ न लिहिता 'वरीलप्रमाणे' असे लिहून मोकळा होई. तेच तत्त्व अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ साली गणिताच्या शिस्तीत बसवले, म्हणजे पूर्वी येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला तर तो न लिहिता 'इतकी अक्षरे मागे जा आणि इतकी उचल' एवढाच निर्देश लिहायचा. त्यावर डेव्हिड हफमन यांची १९५२ सालची युक्ती, की जे चिन्ह वारंवार येते त्यास आखूड संकेत द्यावा आणि जे क्वचित येते त्यास लांब, ही चढवली म्हणजे जीझिप नावाच्या साधनाचे मर्म हाती येते. हे साधन जाँ-लू गाइ आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९२ साली सर्वांस मोफत उपलब्ध करून दिले, कारण त्यापूर्वीचे प्रचलित साधन पेटंटच्या कचाट्यात सापडले होते. लॉगसारख्या मजकुराचा आकार त्याने सामान्यतः दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो, आणि पुन्हा उलगडल्यावर एका अक्षराचाही फरक पडत नाही. छायाचित्रे आणि चित्रफिती मात्र मुळातच दाबलेल्या असतात. त्यांच्यावर हा प्रयोग करणे म्हणजे विजेचा अपव्यय.

आता हे काम रोज कोणी हाताने करीत बसत नाही. युनिक्स आणि तिच्याच वळणाच्या लिनक्स या संचालन-प्रणालींत शेल नावाचा एक मध्यस्थ असतो, जो टंकलेल्या आज्ञा वाचतो आणि यंत्राकडून त्या पार पाडून घेतो. त्याच आज्ञा एका फाइलीत क्रमाने लिहून ठेवल्या की ती झाली शेल स्क्रिप्ट. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सबरोबर बाहेर पडला आणि ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली त्याचा जो वारस सिद्ध केला तो बॅश आजही महाप्याच्या सर्व्हरांवर राबतो आहे. स्क्रिप्टमध्ये मुख्य कामकरी दोनच. फाइंड नावाची आज्ञा सांगितलेल्या फोल्डरात हिंडून, ज्यांच्यात तीस दिवसांत काही फेरफार झालेला नाही अशा फाइली हुडकते. आणि हुडकलेली प्रत्येक फाइल ती जीझिपच्या हवाली करते. ही स्क्रिप्ट कोणत्या मिनिटाला, कोणत्या तासाला, महिन्याच्या कोणत्या दिवशी, कोणत्या महिन्यात आणि आठवड्याच्या कोणत्या वारी चालावी हे पाच खान्यांत लिहून क्रॉन नावाच्या पहारेकऱ्याकडे दिले, की मनुष्याने झोपी जावे. सारा मजकूर चार-पाच ओळींत मावतो, आणि या संक्षेपामुळेच नवशिक्यास असे वाटते की यात अवघड असे काही नाहीच.

अवघड आहे ते तारखेत. जुनी फाइल दाबा, असे आपण सहज म्हणतो, परंतु जुनी कोणत्या हिशेबाने? यंत्राजवळ फाइलीचा जन्मदिवस असेलच असे धरून चालता येत नाही. फाइंड सामान्यतः जी तारीख पाहते ती शेवटच्या फेरफाराची. कोणी ती फाइल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना तारीख जपण्याची सूचना द्यावयास विसरला, तर तीन वर्षांपूर्वीची नोंद आज जन्मल्यासारखी दिसू लागते आणि सर्व नियमांतून निसटते. दिवसांची मोजणीही आपल्या मोजणीसारखी नाही. फाइंड चोवीस तासांचे पूर्ण एकक मोजते आणि उरलेला अपूर्णांक सोडून देते, त्यामुळे तीसपेक्षा अधिक दिवसांच्या फाइली मागितल्या तर तीस दिवस आणि वीस तासांची फाइल तिच्या लेखी तीसच दिवसांची ठरते, आणि एकतीस दिवस पुरे भरल्यावाचून हाती लागत नाही. त्यात भर घड्याळाची. पुष्कळ सर्व्हरांचे घड्याळ भारतीय वेळेवर नसून जागतिक प्रमाणवेळेवर चालते, आणि ती आपल्या मागे साडेपाच तास आहे. म्हणून अशा सर्व्हरवर ३१ मार्च या नावाने जी फाइल बंद होते तिच्यात नवी मुंबईच्या हिशेबाने १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार असतात, म्हणजे आर्थिक वर्षाची सीमा त्या फाइलीच्या पोटातून जाते. महसूल खात्याचे वर्ष तर १ ऑगस्टला सुरू होते. यंत्रास यातले काहीही ठाऊक नसते. ते सांगावे लागते, आणि कोणी सांगावे हे आधी ठरावे लागते.

तारखेचे हे महत्त्व मराठी माणसास परक्यांनी शिकवावयास नको. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यांतील कितीतरी पत्रांवर 'छ' या अक्षराने दर्शविलेला केवळ चांद्र दिवस आणि मुसलमानी महिना आहे, वर्षच नाही. पत्र लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास वर्ष माहीत होते, म्हणून ते लिहिण्याची गरज वाटली नाही. पुढे संशोधकांना मात्र जंत्र्या उघडून, पत्रातील स्वारीचा, लग्नाचा किंवा मृत्यूचा उल्लेख इतर साधनांशी ताडून, एकेका कागदाचे वर्ष निश्चित करीत आयुष्ये घालवावी लागली. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, त्यामागे या तारीखशोधाचे कष्ट केवढे असतील याची कल्पना ज्यास येते, त्याने आपल्या स्क्रिप्टमध्ये फाइलीच्या नावातच वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालण्याचा कंटाळा करू नये. जीझिपच्या निर्मात्यांनी या बाबतीत फार मोठी दूरदृष्टी दाखवली असे माझे मत आहे: दाबलेल्या नव्या फाइलीवर ते साधन आजची तारीख न टाकता मूळ फाइलीचीच तारीख कायम ठेवते, त्यामुळे सहा महिन्यांनी तिची मुदत तपासताना हिशेब बिघडत नाही. याउलट टार या आज्ञेने पुष्कळ फाइलींचा एक गठ्ठा बांधला तर आतील फाइलींच्या तारखा शाबूत राहतात, पण गठ्ठ्यावर गठ्ठा बांधल्याची तारीख पडते. मुदतीचा नियम गठ्ठ्याच्या तारखेवर चालवणाऱ्याने हा फरक नीट ध्यानात ठेवावा.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. जीझिप मूळ फाइलीवरून नवी दाबलेली फाइल तयार करते आणि नंतर मूळ फाइलीचे नाव काढून टाकते. परंतु एखाद्या चालू आज्ञावलीने ती मूळ फाइल उघडीच धरून ठेवलेली असेल, तर तिला या घटनेची वार्ताही नसते. ती त्या निनावी झालेल्या फाइलीत लिहीतच राहते, ते लेखन कोणास दिसत नाही, डिस्कवरील जागा मोकळी होत नाही, आणि आज्ञावली बंद पडताच ते सर्व लुप्त होते. रोज लिहिली जाणारी फाइल तीस दिवस जुनी दिसणारच नाही, सबब धोका कोठला, असे कोणी म्हणेल. पण ज्या फाइलीत फक्त गंभीर बिघाडाचीच नोंद व्हावयाची ती सुदैवाने चाळीस दिवस निष्कलंक राहू शकते. स्क्रिप्ट तिला जुनी समजून दाबते, आणि एकेचाळिसाव्या दिवशी जो बिघाड होतो, ज्याच्यासाठी ती फाइल उघडून ठेवली होती, त्याची नोंद कोठेच उमटत नाही. लॉगरोटेट नावाच्या साधनात फाइल प्रथम नाव बदलून बाजूस करायची आणि दाबण्याचे काम पुढील फेरीपर्यंत लांबवायचे, अशी जी सोय आहे ती याचसाठी. आणि दाबतानाही काही काळ जुनी व नवी अशा दोन्ही फाइली एकाच वेळी डिस्कवर नांदतात. म्हणून डिस्क काठोकाठ भरल्यावर दाबू लागणाऱ्यास दाबण्यापुरतीही जागा उरलेली नसते.

नोंदी किती काळ ठेवाव्यात हा प्रश्न आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सर्व माहिती-प्रणालींचे लॉग मागील १८० दिवसांचे, आणि तेही भारताच्या अधिकारक्षेत्रात, जपणे कंपन्यांवर, डेटा सेंटरांवर आणि सरकारी संस्थांवर बंधनकारक आहे. आमच्या सरकारी कचेऱ्यांत ही विचारसरणी फार जुनी आहे. तेथे अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात, अ वर्ग कायम जपायचा आणि ड वर्ग अल्पकाळाने निकालात काढायचा. टेबलावरील कागदांचे सहा गठ्ठे करण्याची जी पद्धत आहे तिच्यातही अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची कागदपत्रे यांचे गठ्ठे निरनिराळे असतात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या तरुणाने ही पद्धत एकदा जवळून पाहावी, असे मला मनापासून वाटते. कारण दाबणे आणि नष्ट करणे या दोन भिन्न आज्ञा आहेत, त्यांचे अधिकारही भिन्न असले पाहिजेत, आणि नष्ट करण्याची आज्ञा एखाद्या तंत्रज्ञाने स्वतःच्या मनाने त्याच फाइलीत खाली जोडून द्यावी हे कोणत्याही दप्तरखान्यात खपवून घेतले गेले नसते.

दाबलेली प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही निक्षून सांगितले पाहिजे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागली तेव्हा ज्या संचिकांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती त्या गेल्या त्या गेल्याच. त्याच डिस्कवर दहाव्या हिश्शात ठेवलेली फाइलदेखील डिस्कबरोबरच जाते. जीझिप प्रत्येक फाइलीच्या शेवटी पडताळणीचा एक आकडा लिहून ठेवते, आणि उलगडलेली फाइल डिस्कवर न लिहिताच ती शाबूत आहे की नाही हे तपासण्याची सोयही त्यात आहे. परंतु ही रुजवात करून त्याचा अहवाल कोणाच्या तरी नावे पाठवणारी ओळ किती स्क्रिप्टांत आढळते?

ज्यांच्याकडे असे काम आहे, मग ते महाप्याच्या डेटा सेंटरात असो, सानपाड्याच्या एखाद्या छोट्या कचेरीत असो वा गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबाच्या संगणकावर असो, त्यांना माझी विनंती एवढीच, की स्क्रिप्ट लिहून झाल्यावर तिच्यातील दाबण्याची ओळ प्रथम वगळावी, फक्त निवडलेल्या फाइलींची नावे आणि तारखा कागदावर उतरवून घ्याव्यात, निदान आठवडाभर ती यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी, तिच्यात नसावी अशी एकही फाइल नाही अशी खात्री करून घ्यावी, आणि नंतरच ती ओळ पुन्हा घालावी.